कामगारांसाठी

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तात्या दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचतात. रिक्षात बसले की दुकानांच्या पाट्या, जेवायला बसले की लोणच्याच्या बरणीवरचं लेबल, संध्याकाळी टीव्हीच्या तळाशी पळणारी बातमी. वाचून झालं की त्यावर एखादं मत देतात आणि पुढच्या पाटीकडे वळतात. त्यामुळे गेल्या श्रावणात ते आमच्याकडे ठाण्याला आले तेव्हा मी सावध असायला हवं होतं. मी गाडी लावून येईपर्यंत ते पिशवी घेऊन लॉबीत पुढे गेले. आमच्या इमारतीला दोन लिफ्ट आहेत. एकीत आरसा, पंखा आणि मंद पिवळा दिवा. दुसरीच्या भिंतींना प्लायवूड ठोकलेलं, त्यावर रंगाचे शिंतोडे आणि कुणाकुणाच्या कपाटांचे ओरखडे. मी पोचलो तर तात्या लॉबीत नाहीत. वॉचमन म्हणाला, "बाबा त्या लिफ्टनं गेले." चौदाव्या मजल्यावर ते दाराशी चपला काढत होते. कपाळावर घाम, पण चेहरा खुललेला. म्हणाले, "ही एक गोष्ट चांगली केली तुमच्या सोसायटीनं. कामगारांसाठी येगळी लिफ्ट ठिवली."

ती पाटी मी लिहिली होती.

झालं असं, की वर्षभरापूर्वी इमारतीत चार-पाच घरांची कामं एकदम निघाली. फरशा, फर्निचर, रंग. आरशाच्या लिफ्टमध्ये सिमेंटचे पाय उमटायला लागले आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो यायला लागले. कमिटीनं ठरवलं, दोन पाट्या करायच्या. सेक्रेटरीनं इंग्रजी मजकूर पाठवला, 'फॉर वर्कर्स अँड डिलिव्हरी', आणि खाली लिहिलं, मराठीत पण पाहिजे, नाहीतर उद्या कुणीतरी येऊन पाटीच फोडेल. कमिटीत मराठी आडनावाचे आम्ही चौघं, पण मराठीत दोन ओळी लिहायच्या म्हटल्या की तिघं माझ्याकडे बघतात. मी बसलो शब्द शोधत. 'नोकर' लिहवेना. 'गडीमाणसे' वाचून मलाच वाड्यात गेल्यासारखं वाटलं. 'मदतनीस' हा अंगणवाडीतला शब्द. आमच्या घरात फोनवर सर्रास 'कामवाल्या' म्हणतात, पण तो लाल अक्षरांत पाटीवर बघायची हिंमत होईना. शेवटी लिहिलं, 'कामगारांसाठी व डिलिव्हरीसाठी'. लिहून झाल्यावर बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. सगळ्यांत स्वच्छ शब्द निवडला असं वाटलं. खळ घालून इस्त्री केलेला शब्द. आमच्या घरचा.

तात्यांनी ती पाटी कशी वाचली असेल हे मला त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. त्यांच्या उभ्या आयुष्यात 'कामगार' या शब्दापुढे 'साठी' लागलं की काहीतरी मिळायचं. आम्हाला ताप आला की परळच्या कामगार रुग्णालयात जायचं. तिथलं गुलाबी मिक्श्चर घरून नेलेल्या बाटलीत मिळे आणि बाटलीवर डोसाच्या खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे. आई कामगार कल्याण केंद्रात शिवण शिकली. रेडिओवर कामगारांसाठीचा कार्यक्रम लागला की शेजारचे दोघं आमच्या उंबऱ्यात येऊन टेकत. खेळायला कामगार मैदान, बघायला कामगारांची नाट्यस्पर्धा. ज्या माणसानं हा शब्द असा वापरलाय, तो 'कामगारांसाठी' अशी पाटी पाहून त्या लिफ्टमध्ये हक्कानं शिरणार नाही तर काय करणार? आमच्या पाटीत मात्र 'साठी' लागल्यावर शेजारचं दार बंद होत होतं.

की त्यांना सगळं कळलं होतं? तात्या भोळे नाहीत. जॉबरच्या, म्हणजे गिरणीत माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या, आवाजाच्या पट्टीवरून आज काम मिळणार की नाही हे ओळखण्यात त्यांची सहा वर्षं गेली. डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला, त्यात पाटण तालुक्यातल्या आमच्या घराची एक भिंत गेली आणि दुसऱ्या वर्षी तात्या मुंबईला आले. गावकीच्या खोलीत वळकटी टाकली आणि बदली कार्ड घेऊन रोज सकाळी साताच्या आत गिरणीच्या दारात उभे राहू लागले. कुणाचा खाडा पडला तर आत, नाहीतर परत. कायम झाले १९७४ साली. त्या दिवशी त्यांना फोटोचा पास मिळाला. तो त्यांनी अजून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपलाय, माझ्या जन्मदाखल्याच्या वर.

माझी मुलगी कॉलेजात समाजशास्त्र शिकते. तिला एक प्रकल्प होता आणि आजोबा घरात आयतेच. फोन टेबलावर उभा करून ती रेकॉर्डिंग घेत होती, मी पेपर वाचल्यासारखं करत ऐकत होतो. तिच्या वहीत प्रश्न इंग्रजीत होते आणि ती जागच्या जागी मराठी करत होती. "आजोबा, तुम्ही स्वतःला कोणत्या वर्गातले समजता?" तात्या म्हणाले, "सातवी. आठवीत नाव घातलं हुतं, पण गेलो न्हाई." मला हसू आलं. पण तात्यांचं काय चुकलं? आपल्याकडे 'वर्ग' म्हणजे आधी शाळेतला, मग गणितातला, मग सरकारी नोकरीतला वर्ग चार आणि मग दाखल्यावरचा मागास वर्ग. आणि चाळीत वाढलेल्याला त्या अक्षरांवरून पहिली आठवते ती वर्गणी. मुलीनं प्रश्न फिरवला. "म्हणजे, तुम्ही स्वतःला कामगार समजायचात का?" तात्या तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "समजायचं काय त्यात? पास हुता."

मग तिनं विचारलं, गिरणीत नक्की काय करायचात. तात्यांनी भाजीच्या भांड्यातला डाव उचलला, पुसला, आडवा धरला. हा धोटा. ह्याच्या पोटात सुताची कांडी. साच्यावर, म्हंजे मागावर, हा इकडून तिकडं, तिकडून इकडं, मिनिटाला दीडशे-दोनशे खेपा. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक ह्या बाजूच्या भोकातून बाहेर काढायचं. आता टोक आत, भोक एवढंसं. कसं काढणार? त्यांनी डावाच्या कडेला ओठ लावले आणि गाल आत घेऊन हवा ओढली. एवढंसं 'सुक्' वाजलं. पन्नास वर्षांपूर्वी लागलेली ती सवय, पण ओठ कसे बरोबर जागेवर बसले. "धागा तोंडात यायचा. त्याच्याबरुबर कापूस. पाळी सुटल्यावर चहा घेतला तरी पैल्या घोटाला कापसाचीच चव." मुलगी म्हणाली, "ईऽ, एकाच धोट्याला सगळे तोंड लावायचे?" "सगळे," तात्या म्हणाले. "म्हणून तर साचेखात्यात सगळी आमचीच मानसं." आणि गप्प झाले. डाव परत भांड्यात ठेवला.

तिला ते वाक्य कळलं नाही. मला कळलं. विणाईत पैसा जास्त होता, आणि तिथे दलितांना घेत नसत, कारण उष्ट्या धोट्याला तोंड कोण लावणार. त्यांना त्रासनखात्यात, म्हणजे सूत काढायच्या कामाला, कमी पगारावर. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला होता. जात म्हणजे कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, असं त्यांनी पुढे १९३६ मध्ये लिहिलं, आणि त्याच साली काढलेल्या पक्षाचं नाव स्वतंत्र मजूर पक्ष ठेवलं. तात्यांच्या वेळेपर्यंत ते मोडत आलं होतं, पुरतं मोडलं नव्हतं. त्यांचे एक जिवाभावाचे मित्र त्रासनखात्यात होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. संपाच्या मोर्चाला दोघं एका ट्रकमधून जायचे, एकाच बिडीवर. आणि आमच्या खोलीत ओट्याच्या टोकाला निळ्या फुलाचा एक कप वेगळा असायचा, कान तुटलेला. काका आले की आई त्यात चहा द्यायची. कप कधी बदलला नाही, काकांनी कधी काही विचारलं नाही. तात्यांनी कप बघितला नसेल असं मी पुष्कळ दिवस धरून चाललो होतो. दहा बाय बाराच्या खोलीत न दिसण्यासारखं काय असतं?

त्या आठवड्यात मी या शब्दाच्या मागेच लागलो. ऑफिसातून येताना गाडीत फोनवर जुनी पुस्तकं चाळायची, हा एक नाद मला आहे. जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' काढला, १८८३ चा, आणि पहिल्याच प्रकरणाच्या तोंडाशी अडलो. सरकारी खात्यांत ब्राह्मण कामगारांचं प्राबल्य आहे, अशी तक्रार तिथे आहे. मला आधी छपाईची चूक वाटली. ब्राह्मण कामगार? मग लक्षात आलं, तेव्हा कामगार म्हणजे अधिकारी, अंमलदार. कचेरीत बसून शेतकऱ्याच्या कागदावर सही करणारा किंवा न करणारा. गोरा साहेबही कामगारच. आणि गंमत बघा, त्याच सत्यशोधक मंडळींतले नारायण मेघाजी लोखंडे दुसऱ्याच वर्षी, १८८४ मध्ये, मुंबईत गिरणीतल्या माणसांची संघटना उभी करतात. तिचं इंग्रजी नाव बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन. हँड्स! माणसाचा तेवढाच भाग मालकाच्या हिशेबात होता, तोच नावात आला. लोखंड्यांच्या धडपडीतून १० जून १८९० ला या हातांना रविवारची सुट्टी मिळाली, आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत कधीतरी कचेरीतला 'कामगार' हा शब्द उठून गिरणीच्या दारात आला. साहेबाचा शब्द साच्यावरच्या माणसाला मिळाला. आमच्या सोसायटीत आता रविवारी ड्रिल चालवायला बंदी आहे, रहिवाशांना आराम मिळावा म्हणून. भांड्यांच्या मावशी रविवारी येतात.

फारसीत 'कामगार' म्हणजे ज्याच्या मनासारखं झालं तो. भाग्यवान. तिथलं 'काम' म्हणजे इच्छा. आपण 'गार' तिकडून घेतला आणि काम आपलं लावलं.

गावाला तात्यांना कुणी कामगार म्हणत नसे. तिथे ते 'मुंबईकर' होते. मे महिन्यात टेरिकॉटची पँट घालून एसटीतून उतरणारे, पिशवीत लालबागचा चिवडा आणि गिरणीतलं स्वस्तातलं कापड. शब्द मुंबईचा होता आणि तो त्यांना मुंबईनं दिला होता. म्हणून असेल, त्यांनी तो सोडला नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. अडीच लाख माणसं बाहेर होती हे मला नंतर वाचून कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच की सकाळचा भोंगा वाजला नाही आणि तरी सगळे उठून बसले. संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. गिरणी पुढे थोडीबहुत चालू झाली, तात्यांना आत घेतलं नाही. ते एका कारखान्यात रात्रीचे वॉचमन झाले. पण 'वॉचमन' म्हणायचे नाहीत. "तिथं रात्रीचा बसतो," म्हणायचे. मी दहावीचा फॉर्म भरत होतो तेव्हा त्यात रकाना होता, वडिलांचा व्यवसाय. वर्गातली बाकीची मुलं 'सर्व्हिस' लिहीत होती. किती सुटसुटीत शब्द, त्यात शिपाई आणि साहेब दोन्ही मावायचे. मी 'स' काढला. तात्या मागे उभे होते. म्हणाले, "गिरणी कामगार लिही." संपाला पाच वर्षं उलटून गेली होती. मी म्हटलं, तात्या, आता गिरणी कुठे आहे. ते म्हणाले, "संप हाय अजून. लिही." मी 'स' खोडून लिहिलं. त्या फॉर्मवर ती खाडाखोड होती आणि बाईंनी त्यावर सही मागितली. तात्यांनी केली, अगदी सावकाश.

त्याच फॉर्मवर आईचाही रकाना होता. त्यात मी न विचारता 'गृहिणी' लिहिलं.

आता हे आठवलं की कानशिलं गरम होतात. संपाआधी आई नऊ माणसांची खानावळ चालवत होती. पहिल्या पाळीच्या डब्यांसाठी चारला उठायची. भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा एक ठरावीक आवाज यायचा आणि त्या आवाजातच आम्ही पुन्हा झोपायचो. संप लांबला तशी खानावळीतली माणसं एकेक करून गावाला गेली, दोघं पैसे न देता. मग ती लोअर परळच्या एका गाळ्यात धागे कापायला जाऊ लागली. तयार शर्टांना शिलाईचे धागे लोंबत असतात, ते छोट्या कातरीनं कापायचे. पैसे डझनावर. रात्री गठ्ठा घरी आणायची आणि आम्ही तिघं भावंडं बटणं मोजायचो. अंगठ्याला कातरीचा घट्टा पडला होता. पोळीला तूप लावताना तो माझ्या बोटाला लागायचा. तिच्याकडे पास नव्हता. तिच्यासाठी रुग्णालय नव्हतं, मैदान नव्हतं, रेडिओवर कार्यक्रम होता तो 'वनिता मंडळ'. घरात त्या सात-आठ वर्षांत एकच माणूस पूर्ण पाळी भरत होतं, आणि कामगार दुसराच होता. आई जाऊन आठ वर्षं झाली. तिला कुणी विचारलं असतं, तू कोण, तर ती म्हणाली असती, "आमचे हे गिरणीत हायेत."

आणि मी? इंजिनीअर झालो. पहिला पगार तात्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी पाकीट उलटं करून बघितलं. पगाराबरोबर दुसरं काय असतं ते ते शोधत होते. म्हणाले, "युनियन कुठली?" मी हसलो. सगळेच हसलो. आम्हाला कामगार म्हणत नसत. आधी 'टीम मेंबर', मग 'असोसिएट', आणि हिशेबाच्या तक्त्यात 'रिसोर्स'. काम नसलं की बेंचवर बसायचं, नाव रोज सकाळी वर पाठवलं जायचं, कुणाचा प्रोजेक्ट सुटला तर तुम्ही आत. हे सगळं मी तात्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे बदली." मी म्हटलं, नाही, तसं नाही. त्यात पगार मिळतो. "आम्हालाबी बदली भत्ता पायजे हुता," ते म्हणाले.

दहा-अकरा वर्षांपूर्वी कंपनीनं एका शुक्रवारी आमच्या मजल्यावरच्या चाळीस जणांना दुपारी बोलावून सह्या घेतल्या. मी वाचलो, पण माझ्या टीममधले सहा जण गेले. त्यांच्याबरोबर मी एका वकिलांकडे गेलो, गुपचूप, गळ्यातलं ओळखपत्र खिशात घालून. जुनी इमारत, लाकडी जिना, वर पंखा करकरत होता. वकीलबाई साठीच्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही कामगार आहात का?" सहाच्या सहा चेहरे उतरले. त्यातला एक जण म्हणाला, "मॅडम, कामगार नाही. आम्ही प्रोफेशनल आहोत." बाई म्हणाल्या, "मग तुमचं माझ्याकडे काही काम नाही." नंतर त्यांनीच नीट सांगितलं. तेव्हा लागू होता तो १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा. त्यात हातकाम, कारकुनी, तांत्रिक काम करणारा कामगार धरत, व्यवस्थापक धरत नसत. देखरेख करणारा असेल आणि महिना दहा हजारांवर पगार असेल, तर तोही बाहेर. कोर्ट हुद्दा बघत नाही, हातून काय काम होतं ते बघतं. "तर सांगा, तुमच्या हाताखाली किती माणसं? सुट्टी कोण मंजूर करतं? कुणाला काढायचा अधिकार आहे तुम्हाला?" सहा जणांच्या हुद्द्यात 'मॅनेजर' होतं. हाताखाली एकूण माणसं शून्य. आठ वर्षांपूर्वी बढती म्हणून मिळालेला शब्द, पेढे वाटलेला, आता कसा खरवडून काढायचा याची उजळणी ते टेबलाभोवती बसून करत होते. एक जण शेवटपर्यंत तयार झाला नाही. म्हणाला, "कागदावर कामगार लिहिलं तर पुढची नोकरी कोण देईल?" आणि लग्नाचंही बघायचं होतं त्याचं.

मी काय केलं असतं? मला तो प्रश्न विचारला गेला नाही, एवढंच. माझ्याही हुद्द्यात 'मॅनेजर' होतं. आणि हाताखालची सहा माणसं त्या दिवशी गेली होती.

ही सगळी ओझी घेऊन मी सप्टेंबरच्या कमिटी मीटिंगला गेलो आणि पाटीचा विषय काढला. म्हटलं, तो शब्द बदलूया. खजिनदार म्हणाले, "का? चांगला शब्द आहे. रिस्पेक्टफुल आहे." मी म्हटलं, म्हणूनच. कुणाला काही कळलं नाही, आणि मलाही पुढे बोलता आलं नाही, कारण पुढचं खरं वाक्य होतं की पाटीच काढूया, आणि ते म्हणायला मी घरून निघालोच नव्हतो. आरशाच्या लिफ्टमध्ये सिमेंटचे पाय मलाही नको होते. एक बाई उत्साहानं म्हणाल्या, "आपण 'हेल्पिंग हँड्स' लिहूया. किती गोड वाटेल!" मला लोखंडे आठवले. शेवटी ठरलं, नुसतं 'सर्व्हिस लिफ्ट', दोन्ही लिप्यांत. कुणाचा उल्लेख नाही म्हणजे कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. पाच मिनिटांत विषय संपला. नवी पाटी आली तेव्हा मी भांड्यांच्या मावशींना विचारलं, "मावशी, लिफ्टची पाटी बदलली, पाहिलीत?" त्या म्हणाल्या, "कुठली पाटी दादा? वॉचमन हात करतो तिकडं जायचं."

दिवाळीला तात्या पुन्हा आले. या वेळी मी आधी त्यांना उतरवून गाडी लावायला गेलो नाही. बरोबरच लॉबीत आलो, त्यांची पिशवी माझ्या हातात. ते सरळ त्याच लिफ्टकडे चालायला लागले आणि पाटीसमोर थांबले. चष्मा न लावता, मान मागे घेऊन वाचलं, "सर्व्हिस. लिफ्ट." मी मताची वाट बघत उभा राहिलो. त्यांनी माझ्या लॅपटॉपच्या बॅगेकडे बघितलं, मग पुन्हा पाटीकडे.

"म्हंजे आता सर्व्हिसवाल्यांची झाली व्हय?" ते म्हणाले. "चल मग. तुझीच हाय."

दार उघडलं. आत गॅसवाला मुलगा सिलिंडर आडवा धरून उभा होता, त्यानं तो पायानं कोपऱ्यात सरकवला आणि जागा केली. तात्या आत शिरले, त्यांच्यामागे मी. प्लायवूडला टर्पेंटाइनचा वास येत होता. आत पत्र्याची बारकी पाटी होती, तीही तात्यांनी वाचली, तेरा व्यक्ती, आठशे चौऱ्याऐंशी किलो. गॅसवाल्याला विचारलं, सिलिंडर भरलेला किती किलोचा? तो म्हणाला, तीसच्या आसपास. रोज किती चढवतोस? पंचेचाळीस-पन्नास. तात्यांनी मनात काही हिशेब केला. सातव्या मजल्यावर तो उतरला. दार बंद झाल्यावर मी धीर करून विचारलंच, "तात्या, त्या दिवशी तुम्ही पाटी वाचून म्हणालात ना, कामगारांसाठी वेगळी लिफ्ट ठेवली, चांगलं केलं. ते तुम्ही खरंच म्हणालात, की..."

तात्या वर बघत होते. छताला एक गोल भोक होतं, त्यातून दोन वायरी बाहेर आल्या होत्या.

"हितं पंखा न्हाई," ते म्हणाले. "त्या तुमच्या आरशाच्या लिफ्टीत हाय. कमिटीत हाईस न्हवं तू? बसवून घे."

चौदावा मजला आला. पुढची मीटिंग येत्या रविवारी आहे. विषयपत्रिका आधीच गेली होती, म्हणून पंखा मी आयत्या वेळच्या विषयांत घातलाय.